अक्काचा एकच फोटो

रंभाबाईचा नवरा गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता, दोघे दीर गिरणीत होते, नणंदेचा नवराही गिरणीतच. भोंगा झाला की अख्खं घर चपला शोधायला लागायचं. थोरला लेक रामहरी मॅट्रिकला दोनदा बसला आणि दोनदा उठला, तेव्हा हाही आता गिरणीत साच्यावर, मागावरच उभा राहणार असं सगळ्यांनी धरून टाकलं. रंभाबाईनं पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि सांगितलं, "नाकात कापूस घालून खोकायला घरात एक नवरा बास हाय. लेकाचं मी दुसरं कायतरी करीन."

दुसरं म्हणजे काय, ते तिलाही ठाऊक नव्हतं. ते ठरलं विजापूर वेशीत, इसूफभाईच्या फोटो स्टुडिओच्या काचेपाशी. रामहरी रोज तिथं उभा राहून आतले नवरा-नवरी बघत बसायचा. एक दिवस इसूफभाईच बाहेर आला. "आत ये बाबा," म्हणाला, "बाहेरून काच मळवू नको. रोज मलाच पुसावी लागतीया."

इसूफभाईची शिकवण साधी, पण लांबण लागलेली. पहिल्या लग्नसराईत नुसती पिशवी उचलायची, फ्लॅशची जड बॅटरी खांद्याला लावून उस्तादाच्या मागं मागं फिरायचं. दुसऱ्या सराईत कॅमेरा गळ्यात, फ्लॅश हातात, पण कॅमेऱ्यात रोल नाही. तिसऱ्या सराईत, उस्तादाच्या मनात आलं तर, रोल. एका रोलात फोटो निघायचे बारा. तेव्हा रोल मिळायची मारामार, आणि लग्न तर माणसाचं एकदाच. पोराचा हात हलला म्हणून नवरी काय पुन्हा माळ घालणार आहे?

म्हणून दुसरी सराई रिकाम्या कॅमेऱ्यानं काढायची. अंतरपाट कधी खाली येतो, नवरीचा मामा नेमका कुठून आडवा येतो, अक्षता पडताना कोणत्या खुर्चीवर चढायचं, सगळं खऱ्यासारखं करायचं. बटण दाबायचं, फ्लॅश उडवायचा. लग्न आटोपलं की स्टुडिओत चहा घेताना इसूफभाई एकेक विचारायचा, "माळ घालताना तू कुठं हुतास? डाव्या अंगाला? मग नवऱ्याच्या मुंडावळ्या नवरीच्या तोंडावर आल्या. गेला तुझा फोटो." असे न काढलेले फोटो रामहरीनं शेकड्यानं घालवले आणि प्रत्येक वेळी थोडं थोडं शिकला.

याचा आणखी एक उपयोग होता. लग्नात ज्याला त्याला मान हवा. नवऱ्याच्या चुलत्याचा साडू येऊन उभा राहतो, आमचा एक काढा म्हणतो. नाही म्हणावं तर रुसवा, हो म्हणावं तर रोल संपला. अशा मंडळींना इसूफभाई हळूच रामहरीकडं वळवायचा. लख्ख उजेड पडायचा, मंडळी खूश व्हायची. पुढं फोटोची आठवण कुणाला राहत नसे. राहिलीच, तर 'तुमी डोळं मिटलं हुतं' म्हणून मोकळं व्हायचं.

हे बाहेर फुटलं तर उद्या आपल्याला मांडवात कुणी उभं करणार नाही, म्हणून इसूफभाईनं त्याला शपथ घातली होती. घरीसुद्धा बोलायचं नाही. आणि ज्याच्या घरात रंभाबाईसारखी आई आहे, त्यानं तर मुळीच नाही.

कारण रंभाबाईचं तोंड आधीच सुटलं होतं. नळावर, पिठाच्या गिरणीत, जिथं चार बायका तिथं हिचा लेक. "आमच्या रामहरीनं ह्या साली सतरा लग्नं काढली."

शेजारची सावित्रम्मा एकदा म्हणाली, "सतरा काढली म्हणतीस, एक तरी फोटू दाव की."

"फोटू लगीनघरात असत्यात सावित्रम्मा. आचारी काय लाडू गोळा करून तुमाला दावाया घरी आणतो व्हय?"

नळावरच्या बायका हसल्या. रामहरी आत भिंतीला टेकून हे ऐकत होता. तोंड उघडावं असं त्याला वाटलं, पण शपथ होती, आणि खरं सांगायचं तर आईच्या तोंडून ऐकताना त्यालाही आपण सतरा लग्नं काढलीत असं वाटायला लागलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचं तिसरं वर्ष असेल. वैशाखात रंभाबाईच्या भावाच्या, मोडनिंबच्या मानसिंगच्या पोरीचं लग्न निघालं. फोटोला इसूफभाईच आला पाहिजे, हे रंभाबाईनं भावाला बजावलं. म्हणजे त्याच्याबरोबर रामहरी येणार आणि सगळ्या गोतात दिसणार. तिच्या डोक्यात एवढंच होतं. थोरली बहीण बजाबाईही येणार, हे ती मनातल्या मनात बाजूला ठेवत होती.

बजाबाई मंद्रूपला दिलेली. दोघींत बारा वर्षं बोलणं नव्हतं. आई गेली तेव्हा रंभाबाई सोलापुरातून एसटीनं निघाली, गाडी वाटेत बंद पडली, आणि ती पोचायच्या आत बजाबाईनं मयत उचलायला लावलं. ऊन चढलं होतं, माणसं खोळंबली होती, तिचंही काही चुकलं नव्हतं. पण रंभाबाईनं स्मशानाच्या वाटेवर उभी राहून सगळ्यांदेखत थोरल्या बहिणीला जे बोलायचं नाही ते बोलून घेतलं. मग मंद्रूपचा रस्ता तिच्यापुरता बंद झाला. बजाबाईनं दोन वेळा निरोप धाडला. रंभाबाईनं दोन्ही वेळा निरोप्याला चहा पाजला आणि उत्तर दिलं नाही.

मानसिंग धाकटा, पण हुशार. लग्नाच्या आदल्या दिवशी घाण्याची हळद दळायची होती. जात्यावर दोन सवाष्णी समोरासमोर बसतात, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. मानसिंगनं बायकांना सांगून ठेवलं, पहिली मूठ नवरीच्या दोघी आत्यांनीच दळायची. आता मांडव पडलाय, वऱ्हाड जमलंय, नाही कसं म्हणणार? रंभाबाई एका बाजूला बसली, बजाबाई दुसऱ्या. खुंट्यावर वर हात थोरलीचा, खाली धाकटीचा. जातं फिरायला लागलं. दोघी मान खाली घालून नुसत्या दळत होत्या. बायका ओव्या म्हणायच्या सोडून यांच्याकडंच बघायला लागल्या.

बऱ्याच वेळानं बजाबाई म्हणाली, "रंभे, जाड पडतंया. जोर लाव की."

"बारा वर्सं मीच जोर लावत बसलीया," रंभाबाई म्हणाली. "आता तू लाव."

"माझा जोर तवाच सरला. तुझ्या तोंडाम्होरं कुणाचा टिकलाय?"

रंभाबाईला हसू आलं. आवरायला गेली, पण नाकातून फुटलंच. बजाबाईही हसली. मग दोघींनी मिळून ती हळद अशी दळली की जातं बसल्या जागी हलायला लागलं. त्या रात्री दोघी एका वाकळेवर झोपल्या आणि आई आजारी पडली तेव्हापासूनचं सगळं उसवून पुन्हा शिवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं इसूफभाई आणि रामहरी उतरले. रामहरीच्या गळ्यात कॅमेरा बघून रंभाबाईची छाती वीतभर फुगली. त्याला हाताला धरून तिनं मांडवभर फिरवलं. मामा, चुलते, माम्या, सगळ्यांना त्याच्यापुढं उभं केलं. "तिकडं कशाला जाताय, घरचाच फोटोग्राफर हाय की." रामहरी घामाघूम झाला. तो फ्लॅश उडवत गेला, आणि बारातेरा फोटो झाले तरी रोल बदलायचं नाटक करायचं राहिलंय, हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

मग रंभाबाई बजाबाईला ओढत घेऊन आली. बजाबाईचा आजवर एकही फोटो निघालेला नव्हता. तिच्या सासूनं तिला सांगितलेलं, फोटोनं माणसाचं आयुष्य कमी होतं. लग्नातला नाही, जत्रेतला नाही, कुठलाच नाही.

"नको गं," बजाबाई म्हणाली. "मला भ्या वाटतंया."

"माझा लेक काढणार हाय. तुझा भाचा. त्याच्या हातनं तुझं काय वाईट हुईल?"

"बरं. पर एकच. अन् तू संगं उभी ऱ्हाशील तर."

"एकच. तू अन् मी."

दोघी मांडवाच्या मेढीपाशी उभ्या राहिल्या. बजाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, रंभाबाईनं तिचा हात धरला. रामहरीनं समोर बघितलं आणि त्याच्या हातातला कॅमेरा दगडासारखा जड झाला. बारा वर्षांचा अबोला त्याला ठाऊक होता. त्यानं मान वळवून उस्तादाला डोळ्यांनी खुणावलं.

इसूफभाई भरला कॅमेरा घेऊन लगेच आला. "भाबी, दोघी बहिणींचा मी काढतो. हसा जरा."

"तुमी नवरा-नवरीचं बघा इसूफभाई," रंभाबाई म्हणाली. "आमचं बघाया आमचा लेक हाय."

"बुरा नक्को मानू भाबी. एक मी काढतो, एक तो काढंल."

"का? माझ्या लेकाच्या हाताला कापरं भरलंय व्हय? सतरा लग्नं काढल्याली त्यानं. अन् दोन-दोनदा काढून माझ्या अक्काचं आयुष्य दोनदा कमी करायचं हाय? ती एकच म्हणलीया. त्यो रामहरीच काढणार."

आजूबाजूच्या बायका ऐकत होत्या. इसूफभाई कॅमेरा हातात तसाच धरून उभा राहिला.

रामहरी पुटपुटला, "आये, उस्तादला काढू दे की."

"तुला लाज वाटती का रं मावशीचा फोटू काढाया?"

तिकडून भटजींनी हाक दिली, मुहूर्त भरत आला होता. इसूफभाईनं एकदा रामहरीकडं बघितलं, एकदा रंभाबाईकडं, आणि तो बोहल्याकडं गेला. भरलेला कॅमेरा त्याच्याबरोबर गेला. रामहरीनं मान खाली घालून काचेत बघितलं. दोघी अगदी मधोमध आल्या होत्या, ऊन बाजूनं पडत होतं, कुणी आडवं येत नव्हतं. त्याच्या शिकण्यातला तो सगळ्यांत चांगला फोटो होता. त्यानं बटण दाबलं. लख्ख झालं, बजाबाई दचकली आणि मग स्वतःलाच हसली.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं मावशी."

निघताना बजाबाईनं धाकटीला जवळ घेतलं. "मंद्रूपला ये. चांगली आठ दिवस तरी ऱ्हा."

"येते की. फोटू घेऊनच येते. बारा वर्सांनी तुझ्या दारात यायचं अन् रिकाम्या हातानं व्हय?"

हे ती बोलून गेली, आणि तिची गत अशी की एकदा बोललं ते बोललं.

सोलापुरात परतल्यावर रामहरीनं उस्तादाला विचारलं, आता काय करू. इसूफभाई म्हणाला, "रोल घाल, मंद्रूपला जा आणि मावशीला खरं सांग. हसंल ती. ती तुझ्या आईसारखी न्हाय." रामहरी हो म्हणाला. पण मावशीला सांगितलं की ते आईला कळणार, आणि आईला कळलं की नळावर कळणार. सराई संपू दे, मग जाऊ, असं त्यानं ठरवलं. मंद्रूप काय, एसटीनं तासाभराची वाट.

इकडं रंभाबाई रोज विचारायची, "फोटू कवा येणार?"

"नंबर लागलाय आये. लई लग्नांची कामं हायत."

"घरच्या माणसाचा नंबर आधी लागत न्हाय व्हय?"

दर सोमवारी ती ठरवायची, या बाजाराला मंद्रूपला जायचं. मग फोटो नाही म्हणून राहायचं. नवरा एकदा म्हणाला, "फोटू काय करायचाय, बहीण जिवंत हाय न्हवं? जा की भेटून ये." रंभाबाई म्हणाली, "तुमाला न्हाय कळायचं त्ये." दिलेल्या शब्दाला जागणं म्हणजे काय, हे नवऱ्याला शिकवण्यात तिचा अख्खा जेठ महिना गेला.

जेठ सरता सरता बजाबाईला कावीळ झाली. कुणी म्हणालं झाडपाल्यानं उतरेल, कुणी म्हणालं अक्कलकोटला अंगारा घ्या. सोलापूरच्या दवाखान्यात आणायचं ठरलं त्या सकाळीच ती गेली. आठ दिवसांचं सगळं दुखणं, रंभाबाईला निरोप आला तो गेल्याचाच.

या वेळी एसटी बंद पडली नाही. रंभाबाई पोचली तेव्हा दुपार कलली होती आणि मयत दारातच होतं. बजाबाईचा लेक भीमा पुढं आला. "मावशे, आईनं काल सांगितलं हुतं, तू आल्याबिगर उचलायचं न्हाय. सकाळपासनं थांबलोय."

माणसं उन्हात ताटकळलेली होती, त्यांनी बाजूला होऊन तिला वाट दिली. रंभाबाई खाली बसली. अहेव मरणाचा मळवट भरला होता, कपाळ ते भुवयांपर्यंत कुंकवानं लाल. त्यात रंभाबाईच्या डोळ्यांना धड दिसतही नव्हतं. तोंड बघायला मिळालं, एवढंच.

दहाव्याला भीमा तिच्यापाशी येऊन बसला. "मावशे, आईचा एकबी फोटू न्हाय. रामहरीदादानं मोडनिंबला काढलाय त्यो एकच. त्यातली एकटी आई मोठी करून मिळंल का? भिताडाला लावीन म्हंतो. ल्हान पोरांना आजी दावायला काय तरी पायजे."

"मिळंल की," रंभाबाई म्हणाली. "ह्या पंधरवड्यात आणून देते."

चुलीपाशी कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, फोटो काढला आणि आयुष्य सरलं. रंभाबाईनं ऐकलं आणि पिशवी उचलून एसटीची वाट धरली.

घरी येऊन तिनं रामहरीला पुढ्यात बसवलं. "नंबर असू दे न्हायतर नसू दे. उद्याच्याला मला अक्काचा फोटू पायजे."

रामहरीनं शेवटी सांगून टाकलं, "आये, त्या कॅमेऱ्यात रोल न्हवता."

"म्हंजी?"

"म्हंजी फोटू न्हाईच. उस्ताद रिकाम्या कॅमेऱ्यावर शिकवत्यात. सगळी सतरा लग्नं मी तशीच काढली."

"उजेड पडला की. मी ह्या डोळ्यांनी बघितला. अक्का दचकली."

"त्यो नुसता उजेड हुता आये."

रंभाबाई उठली, पायात चपला सरकवल्या आणि भर उन्हात विजापूर वेस गाठली. स्टुडिओत दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती तिचं तोंड बघून आपोआप बाहेर गेली. तिनं इसूफभाईला काय काय ऐकवलं ते सांगण्यात अर्थ नाही. लबाड, ढोंगी, लोकांच्या मांडवात आंधळी कोशिंबीर खेळणारा. इसूफभाई रंगाचा ब्रश हातात धरून सगळं ऐकत राहिला. ती दमल्यावर त्यानं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"भाबी, मी भरला कॅमेरा घेऊन आलो हुतो."

"कॅमेरा आणला, मग तोंड का उघडलं न्हाय?"

"उघडलं असतं, तर तुमच्या भावाच्या मांडवात चारशे माणसांम्होरं तुमचा लेक खोटा पडला असता. अन् तुमीबी." त्यानं ब्रश खाली ठेवला. "मला वाटलं, बहिणी आता बोलायला लागल्यात. फोटोचं काय, कवाबी निघंल."

रंभाबाईनं तांब्या हातात घेतला आणि तसाच ठेवून दिला.

मग इसूफभाईनं त्या लग्नाच्या अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस फोटो पुढ्यात पसरून एकेक बघितले. कुठं तरी कोपऱ्यात, गर्दीत, बजाबाई आली असेल. रामहरीही आला, तोही बघायला लागला. एका फोटोत ती सापडली. बोहल्याच्या मागं, बायकांत उभी. पण कॅमेऱ्याकडं पाठ. ती वळून कुणाशी तरी बोलत होती. कुणाशी, ते दिसत होतं. समोर रंभाबाईच होती, तोंड भरून हसत. बजाबाईचा पदर, अंबाडा आणि कानातल्या कुडीचा एक ठिपका, एवढंच काय ते तिचं कागदावर उतरलं होतं.

रंभाबाई तो फोटो हातात घेऊन बसून राहिली. हसताना आपण थेट अक्कासारख्या दिसतो हे तिला माहीत नव्हतं. मोडनिंबला लहानपणी शेजारणी म्हणायच्या, एका फणसाचे दोन गरे. त्या वेळी तिला राग यायचा.

"रामहरी," ती म्हणाली, "माझाच काढ."

"म्हंजी?"

"मी अक्कावाणी बसते. भीमाला मोठा करून त्योच द्यायचा."

"न्हाय आये. जित्या माणसाच्या फोटूला हार घालत्यात व्हय? अपशकुन हाय त्यो. अन् खोटंबी हाय."

"अपशकुन व्हायचा त्यो हून गेला. अन् खोट्याचं तू मला शिकवू नगंस. साऱ्या वैशाखात लोकांना उजेड दावत हिंडलास, तवा खोटं न्हवतं?" आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "मी शबुद दिलाय भीमाला."

रामहरीनं उस्तादाकडं बघितलं. इसूफभाईनं कपाटातून नवा रोल काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "तूच काढ," म्हणाला. "मी न्हाय काढणार."

दुसऱ्या दिवशी रंभाबाई जुनी हिरवी नऊवारी नेसून आली. नाकातली नथ काढून ठेवली, अक्का नथ घालत नव्हती. डोक्यावरून पदर, कुंकू मोठं. रामहरीनं पहिल्यांदाच खरा रोल भरला. रोलच्या पाठीचा कागद दोनदा हातातून सुटला. एक सराई आधीच त्याच्या हातात रोल आला होता आणि त्याला तो नको होता. बाराच्या बारा फोटो त्यानं आईचेच काढले. ती दर वेळी हसायची आणि दर वेळी डोळ्यांत पाणी यायचं. नववा त्यातल्या त्यात बरा आला.

तो मोठा करून इसूफभाई टोकदार पेन्सिल घेऊन फोटोवर बसला. "भाबी, थोरल्या बहिणीच्या चेहऱ्यात काय काय येगळं हुतं सांगा. मी भरतो."

"हनुवटीवर गोंदण. तीन ठिपकं."

"हं."

"डोळ्यांखाली जास्त सुरकुत्या. गाल बसल्यालं."

"आणखी?"

रंभाबाई विचार करत बसली. बारा वर्षांपूर्वीची अक्का तिला आठवत होती, ती तरणीताठी होती. त्यानंतरची अक्का तिनं बघितली ती हळदीच्या दिवशी, रात्री अंधारात आणि दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गडबडीत. आणि मग मळवट भरलेली. "एवढंच," ती म्हणाली.

चौकटीत बसवलेला फोटो घेऊन ती मंद्रूपला गेली. भीमानं फडकं सोडलं. घरातली सगळी गोळा झाली. म्हाताऱ्या जावेनं कडाकडा बोटं मोडली. "हुबेहूब बजा हाय गं. जशी काय आत्ता बोलंल." भीमाची बायको डोळं पुसायला लागली.

भीमानं फोटो जवळ धरून बघितला, मग मावशीकडं बघितलं. सगळी पांगल्यावर तिच्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशे, आईच्या भुवईवर वण हुता. गाईनं शिंग मारल्यालं, आजी गेल्याच्या दुसऱ्या वर्सी."

रंभाबाईनं डोक्यावरचा पदर भुवयांपर्यंत पुढं ओढला.

"असू दे," भीमा म्हणाला. "पोरांना काय म्हाईत." आणि खिळा, हातोडी आणायला गेला.

रामहरी पुढं चांगला फोटोग्राफर झाला. तिसऱ्या सराईला उस्तादानं त्याला रोल दिला, आणि वर्षा-दोन वर्षांत बार्शीपासून अक्कलकोटपर्यंत त्याला बोलावणी यायला लागली. मांडवात गेल्या गेल्या तो म्हाताऱ्या माणसांचे फोटो आधी काढतो, नवरा-नवरीचे मग, अशी त्याची ख्याती झाली. लगीनघरचे त्यावर कुरकुरायचेही. सावित्रम्मानं एकदा आपणहून विषय काढला, "लेकाचं लई नाव झालंय की रंभाबाई." रंभाबाई म्हणाली, "शिकतोय अजून," आणि कळशी उचलून चालायला लागली.

दर वर्षी अविधवा नवमीला ती मंद्रूपला जायची. भीमाची बायको हार तिच्याच हातात द्यायची. "धाकट्या भैन तुमी, तुमीच घाला." रंभाबाई पाटावर चढून स्वतःच्या फोटोला हार घालायची, कुंकू लावायची. पोरं एकेक येऊन आजीच्या पाया पडायची. मग घर जेवायला बसलं की ती सोप्यात एकटी बसून डोळे मिटायची आणि अक्काला आठवू बघायची. बोलणं आठवायचं, 'रंभे' ही हाक आठवायची. चेहरा मात्र यायचा तो भिंतीवरचाच. रंभाबाई म्हणजे कुणालाही काहीही तोंडावर विचारणारी बाई. पण तो वण डाव्या भुवईवर होता की उजव्या, एवढं भीमाला विचारायचं धाडस तिला कधी झालं नाही.